बर्फावरची पहाट

मुलांनो, इटली देशात आल्प्स पर्वताचे ग्रान पारादिसो हे ४०६१ मीटर उंच शिखर आहे. वसंतात लोक पायांना स्की, म्हणजे लांब पट्ट्या, बांधून तिथे चढतात. स्कीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवतात. केस मागे झुकलेले, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी हा पट्टा सील प्राण्याच्या कातड्याचा असे.

दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठून टणक होतो. उन्हं चढली की तोच भुसभुशीत होऊन कडाकडा कोसळू शकतो. याला हिमस्खलन म्हणतात. माणसं त्याखाली गाडली जातात.

म्हणून अंधारातच निघायचे, पट्टे काढून दुपारच्या आत घसरत खाली यायचे. उशीर झाला, तर शिखर समोर दिसत असले तरी शहाणा माणूस मागे फिरतो.