मधला चोर आणि माझा झूम आयपीस

२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ. गुरू आणि शनी एकमेकांना अगदी खेटून उभे. दोघांमधलं अंतर फक्त सहा कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या पाचव्या हिश्शाएवढं. तिरोड्यातल्या आमच्या सांदवाडीत गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती, सगळी मास्क लावून. सूर्य मावळल्यावर दोन तासांत दोन्ही ग्रहही मावळणार होते. मी पंचवीसचा आयपीस काढून दहाचा लावला, त्या खटाटोपात दुर्बीण हलली आणि ग्रह गेले. पुन्हा शोधले. पहिल्याच माणसानं डोळा लावला तर मास्कमधून वर येणाऱ्या वाफेनं भिंग धुरकटलं. ते पुसायला काढलं आणि हातातून निसटून गवतात पडलं. मोबाईलच्या उजेडात ते सापडेस्तोवर गुरू-शनी शेजारच्या कवेलूंमागे गेले होते. अर्धी रांग न बघताच घरी गेली. त्यातली एक बाई जाताना म्हणाली, “राहू द्या जी सर, पुढच्या वेळी पाहू.” पुढची अशी वेळ २०८० साली आहे.

त्या रात्री ठरवलं, आता झूम घ्यायचा. फिरवला की झालं, काढघाल नको. घेतला, वापरतोय, आणि पाच वर्षांत त्यानं जे शिकवलं ते इथे लिहून ठेवतो.

१. आधी भागाकार करा, मग पैसे काढा.

दुर्बिणीच्या फोकल लेंथला आयपीसच्या फोकल लेंथनं भागलं की किती पट मोठं दिसेल ते मिळतं. माझी दुर्बीण ११४ मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन, फोकल लेंथ ९००. झूम ८ ते २४ चा. म्हणजे २४ वर साधारण ३७ पट, ८ वर ११२ पट. चंद्र, गुरूचे चार उपग्रह, शनीची कडी, मृगातला तेजोमेघ, सगळं या दोन आकड्यांच्या मधे बसतं.

माझं पाहून एका माजी विद्यार्थ्यानं तोच झूम मागवला. त्याची दुर्बीण मात्र टेबलावर ठेवायची, ७६ मिलिमीटरची, फोकल लेंथ ३००. आठवर आणला तरी ३७ पट. माझा झूम जिथून सुरू होतो तिथे त्याचा संपतो. बिचाऱ्याला वर पट वाढवणारं बार्लो भिंग घ्यावं लागलं. त्यानं आधी विचारलं असतं तर मी त्याला ३ ते ८ चा झूम घे म्हटलं असतं. १३० मिलिमीटर आरसा आणि ६५० फोकल लेंथ ही जोडी बाजारात पुष्कळ दिसते. तिला आठवर ८१ पट मिळतात. चंद्राला भरपूर, शनीला थोडे कमीच.

आणि खोक्यावर छापलेले ‘५२५ पट’ विसरून जा. आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट ही वरची हद्द, आणि तीही हवेनं साथ दिली तर. माझ्या दुर्बिणीची हद्द २२८. तिथवर मी पाच वर्षांत एकदाही सुखानं पोचलेलो नाही.

२. भोक मोजा.

आयपीस ज्या नळीत बसतो ती बहुतेक दुर्बिणींत सव्वा इंचाची असते, म्हणजे ३१.७ मिलिमीटर. जुन्या आणि खेळणीवजा दुर्बिणींत ती २४.५ मिलिमीटरची असते, आणि तिच्यात सव्वा इंची झूम काही केल्या जात नाही. शाळेची पट्टी लावून बघायला एक मिनिट पुरतं.

३. झूम सगळ्या आयपीसांची सुट्टी करत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. वाटायचं, २४ वर फिरवला की सगळ्यात जास्त आकाश दिसेल. होतं भलतंच. बहुतेक स्वस्त झूममध्ये ८ वर दृश्याचा कोन ६० अंशांच्या आसपास असतो आणि २४ वर तो आक्रसून ४० वर येतो. जिथे ऐसपैस आकाश हवं, नेमकं तिथेच नळकांड्यातून बघितल्यासारखं वाटतं. माझ्या दुर्बिणीत २४ वर आकाशाचा जेमतेम एक अंश दिसतो. कृत्तिकांचे ठळक तारे पसरलेत तेच एक अंशभर. त्यामुळे पुंजका कडेला कडा लावून बसतो, भोवतीचा अंधार दिसतच नाही, आणि अंधाराशिवाय कृत्तिकांना शोभा नाही.

मग ३२ मिलिमीटरचा साधा, प्लॉसल जातीचा ठरावीक आयपीस घेतला. २८ पट, पावणेदोन अंश आकाश. आता तारा शोधायचा तो प्लॉसलनं आणि न्याहाळायचा झूमनं. म्हणजे आयपीस बदलण्याची कटकट पुरती गेली नाहीच, रात्रीतून दहा वेळा होती ती एकदा-दोनदावर आली. कुणी मला विचारलं की पहिला झूम घेऊ की पहिला ३२ चा प्लॉसल, तर मी प्लॉसल सांगतो. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, पण सांगतो.

४. झूमचा खरा उपयोग हवा बघायला.

आमच्याकडे दोन आकाशं आहेत. एक मे महिन्यातलं. दिवसभर तापलेला स्लॅब, तापलेले कवेलू, तापलेली सिमेंटची गल्ली रात्री अकरापर्यंत ऊन ओकत असतात. त्या हवेतून ११२ पटीत काहीही बघा, नाल्याच्या पाण्यात पडलेलं नाणं बघितल्यासारखं लवलवतं. दुसरं आकाश नोव्हेंबरातलं. धान कापून बांध्यांमध्ये पुंजणे लागलेले, वाऱ्याचं नाव नाही, जमिनीलगत धुक्याची पातळ चादर. मंद तारे धुक्यात बुडालेले असतात, पण हवा अशी शांत की शनी चित्रासारखा थांबतो.

ठरावीक फोकल लेंथच्या आयपीसनं ही हवा कळत नाही असं नाही, पण त्याच्यापाशी उत्तर एकच असतं: दिसतंय किंवा दिसत नाही. झूम हळूहळू फिरवत नेला की प्रतिमा मोठी होत जाते, तपशील वाढत जातो, आणि एका जागी तो वाढायचा थांबतो. पुढे नुसता फुगवटा. ती जागा म्हणजे आजची हवा. माझ्या झूमला ८, १२, १६, २० आणि २४ वर ‘टक’ असा खटका आहे. अंधारात आकडे वाचावे लागत नाहीत, बोटांना कळतं. मेमध्ये मी बहुधा १६ वर थांबतो, फार तर १२. नोव्हेंबरात थेट आठ.

ही सवय लागायला मला दोन वर्षं लागली, कारण हातात ताकद आली की माणूस आधी ती सगळी वापरून बघतो. मीही कुठलीही गोष्ट दिसली की सरळ आठवर नेत असे आणि मग झूमलाच नावं ठेवत असे. एकदा तर तो परत पाठवायचंही ठरवलं होतं. दोष निघाला आरशाचा. तो जागेवरून किंचित सरकला होता, तीन स्क्रू फिरवून सरळ केल्यावर त्याच झूममधून गुरूचे पट्टे दिसले.

५. फिरवला की फोकस पुन्हा करावा लागतो.

थोडासाच, पण करावा लागतो. तसं नाही असं सांगणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

६. रांग लागली की झूमला हात लावू देऊ नका.

पृथ्वी फिरते, दुर्बीण मात्र मी हातानं फिरवतो. आठवर माझ्या दुर्बिणीत अर्धा अंश आकाश दिसतं, आणि ग्रह एका कडेकडून दुसऱ्या कडेला दोन मिनिटांत निघून जातो. २४ वर चार मिनिटं मिळतात. दहा पोरं रांगेत असतील, त्यातलं प्रत्येक जण आधी दुसराच डोळा मिटणार, मग नाक भिंगाला लावणार, मग “कुठं जी, काहीच नाही दिसून राहिलं” म्हणणार. दोन मिनिटं संपली. म्हणून रांगेसाठी सोळा. त्यात प्रत्येकाला झूमचं कडं फिरवून बघायचं असतंच, आणि ते फिरवताना नळीचा स्क्रू सैल असेल तर अख्खा आयपीसच गरकन फिरतो. स्क्रू आधी आवळा. झूम साध्या आयपीसपेक्षा जड असतो, त्यानं नळीचं तोंड खाली झुकतं, तेव्हा नळीचा तोलही पुन्हा साधा.

गेल्या वर्षी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मंडईच्या जत्रेला आलेले पाहुणे शनी बघायला थांबले. त्या दिवसांत शनीची कडी आपल्याला जवळजवळ पूर्ण आडवी दिसत होती. झूम आठवर नेला तरी गोळ्यातून आरपार गेलेली सुई, एवढंच. एका पोरीनं तक्रार केली, “सर, पुस्तकात तर टोपी घातलेला आहे.” यात झूमचा काहीच इलाज नव्हता. दर पंधराएक वर्षांनी कडी अशी आडवी होतात, हे मी तिला दोन वांगी आणि एक ताटली घेऊन समजावलं.

७. गाडीचं वेळापत्रक पाठ असू द्या.

मुंबई-हावडा मार्ग आमच्या गावातून जातो, आणि कोळशाच्या मालगाड्या रात्रभर असतात. ३७ पटीत काही कळत नाही. ११२ पटीत गाडी दिसायच्या आधी गुरू थरथरायला लागतो. घरचे म्हणतात, तुमची दुर्बीण स्टेशनमास्तर झाली. तिपाईच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवल्यानं थोडा फरक पडला.

८. तांदळाच्या पिंपात ठेवू नका.

हा धडा तिरोड्यातच शिकता येतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आकाश बंद. दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, आणि एकदा धरली की ती काचेवरचा लेप खाते. ओला मोबाईल तांदळात ठेवतात हे ऐकलेलं, आणि तांदूळ आमच्याकडे काय कमी? झूम कापडात गुंडाळून पिंपात पुरला. दिवाळीत काढला तर कडं फिरवताना करकर आवाज. साध्या आयपीसमध्ये हलणारं काही नसतं, झूमच्या पोटात मात्र भिंगांचा एक गट मागे-पुढे सरकतो. त्याच्या ग्रीजमध्ये कोंडा जाऊन बसला होता. खोलून साफ करायची माझी हिंमत झाली नाही. ती करकर आजही आहे, फक्त बारा आणि सोळाच्या मधे. आता घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओलसर झाल्या की बदलायच्या.

९. विकत घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या डोळ्यानं बघा.

पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिथल्या हौशी माणसाला चार जणांच्या दुर्बिणी, चार जणांचे आयपीस बघायला मिळतात. आमच्यासाठी सगळ्यात जवळचं म्हणजे नागपूरचं रमण विज्ञान केंद्र, शंभरेक किलोमीटरवर. घेतल्यावरही तपासा. मी आणलेला झूम पहिल्यांदा दिवसाच तपासला: दूरच्या पाण्याच्या टाकीवरच्या अक्षरांवर. अक्षरं मधे स्वच्छ, कडेला जांभळट झालर. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. चष्मेवाल्यांनी हे जरूर करावं. भिंगापासून डोळा दीड-दोन सेंटिमीटर लांब ठेवूनही पूर्ण गोल दिसला पाहिजे, नाहीतर झूमची रबरी वाटी खाली दुमडून चष्म्याची काच तिच्यावर घासत बसावी लागते. माझ्या जुन्या चष्म्याच्या उजव्या काचेवर त्या रबराचा गोल ओरखडा आहे.

दिवसा बघताना सूर्याच्या बाजूला नळी चुकूनही वळवू नका. आयपीसला लावायचे छोटे काळे सोलर फिल्टर मिळतात, ते उष्णतेनं तडकतात. माझ्या दुर्बिणीसोबत आलेला फिल्टर मी हातोडीनं फोडून टाकला.

१०. एक तारा निवडा आणि झूम त्याच्यावरच तपासत राहा.

माझा तारा वसिष्ठ. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला. शेजारच्या आजी त्याला वसिष्ठ म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी वरचा चौकोन म्हणजे म्हातारीची बाज, आणि शेपटीतले तिघं ती बाज चोरून न्यायला आलेले चोर. टीआयएफआर या संशोधन संस्थेतले मयंक वाहिया, आणि त्यांच्यासोबत गणेश हलकारे, विदर्भातल्या गोंड गावांमधून हिंडले, तेव्हा त्यांनाही हीच बाज आणि हेच चोर सांगितले गेले होते. आजी गोंड नाहीत, पण आकाशाच्या गोष्टी जातीचा दाखला बघत नाहीत.

एप्रिलमधल्या एका रात्री त्यांना खुर्ची देऊन दुर्बिणीपाशी बसवलं. झूम २४ वर. “काय दिसते, आजी?”

“चोर दिसते. अन् बाजूले त्याचं लहानसं पोट्टं.”

ते पोट्टं म्हणजे अरुंधती, बारा कलांवर. मी कडं फिरवायला लागलो. वीस, सोळा. करकर झाली, बारा. फोकस थोडा सावरला. आजी काही बोलेनात. ३७ पटीत न सरावलेल्या डोळ्याला एकच वाटणारा वसिष्ठ ७५ पटीत सरळ दोन होतो, चौदा विकलांच्या अंतरावर एक ठळक आणि एक मंद. गॅलिलिओचा शिष्य कास्तेली यानं १६१७ मध्ये दुर्बिणीतून हे बघितलं होतं. त्याच्या दुर्बिणीला झूम नव्हता.

आजींनी डोळा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

“गुरुजी, हा एकटा नाही जी. ह्याच्या मांगं आनखी एक लपून होता.” मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “इतकी वर्षं आमी तीनच मोजत होतो.”

मी झूम आठवर न्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. “राहू द्या. आनखी निंघन एखादा.”