टचस्क्रीन अचानक मुकी का होते?

प्रश्न : रास्पबेरी पायला टचस्क्रीन जोडून तिचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. काही वेळ स्पर्श नीट कळतो, मग पडदा ढिम्म. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा चालतो. चूक कुठे असेल?
– एक वाचक, चोरखमारा (जि. गोंदिया)

उत्तर : लक्षणांवरून संशय इंटरप्टच्या प्रकारावर जातो. अनेक टच कंट्रोलर बोट टेकताच इंटरप्टची तार खाली ओढतात आणि माहिती वाचून होईपर्यंत तशीच धरून ठेवतात. तुम्ही ‘एज’ प्रकार निवडला असेल, तर ड्रायव्हर फक्त तार खाली येण्याचा क्षण टिपतो. तो क्षण एकदा हुकला की तार खालीच राहते, नवा क्षण येतच नाही. ‘एज’ म्हणजे दारावर एकदाच वाजणारी घंटा. ऐकली नाही तर पाहुणा बाहेरच. ‘लेव्हल’ प्रकार म्हणजे दार उघडेपर्यंत दाबून धरलेली घंटा. डेटाशीट पाहून ‘लेव्हल लो’ निवडा. डिव्हाइस ट्रीमध्येही तेच लिहा.

दुसरी खबरदारी : कंट्रोलर आय-टू-सी बसवर असेल, तर तिथले वाचन थांबून थांबून होते, म्हणून ते मुख्य हँडलरमध्ये करू नका. २००९ साली लिनक्स २.६.३० मध्ये आलेला थ्रेडेड इंटरप्ट त्यासाठीच आहे. सोबत ‘वनशॉट’ फ्लॅग द्या, म्हणजे थ्रेडचे काम संपेपर्यंत ती तार बंद राहील. नाहीतर इंटरप्टचा भडिमार होऊन प्रोसेसर गुदमरेल.

पडदा अडकल्यावर ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ मधला आकडा बघा. स्पर्श करूनही तो हलत नसेल, तर निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी.