घराचे तारे आणि विजेचे बिल

पंखे, शीतकपाटे इत्यादी उपकरणांवरील तारे आता सर्वपरिचित आहेत. केंद्र शासनाच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ साली उपकरणांसाठी सुरू केलेली ही पद्धत २०१९ मध्ये निवासी इमारतींनाही ऐच्छिक स्वरूपात लागू करण्यात आली.

घराला दर चौरस मीटरमागे वर्षाकाठी किती युनिट वीज लागेल, याचा अंदाज बांधून एक ते पाच तारे दिले जातात. भिंती, छप्पर व खिडक्यांतून येणारी उष्णता त्यात विचारात घेतली जाते. गोव्याची दमट हवा आणि इंदूर-हैदराबादकडील संमिश्र हवामान यांना एकच माप लावले जात नाही. एकदा बांधलेल्या घराची दिशा बदलता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वीच मिळणारी ही माहिती मोलाची होय.

तथापि ताऱ्यांवरून बिलाचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. समजा, २०० चौरस मीटरच्या घराला दर चौरस मीटरमागे ३० युनिट लागतात. वर्षाचे ६,००० युनिट झाले. ५० चौरस मीटरच्या घराला ६० युनिट लागले, तरी एकूण ३,००० च होतात. तारे मात्र पहिल्या घराला अधिक! शिवाय हा हिशेब ठराविक वापर गृहीत धरून केलेला असतो; रिकाम्या खोलीत चालू राहिलेला पंखा त्यात येत नाही.

तसेच तारे नसलेले प्रत्येक घर सदोष ठरत नाही. रुंद पडवीचे, वारा खेळणारे जुने कौलारू घर ताऱ्यांवाचूनही थंड राहू शकते.

सारांश, तारे घराची पारख करतात, घरातल्यांच्या सवयींची नव्हे. घर घेताना तारे अवश्य पाहावेत. परंतु त्यासोबत घराचे क्षेत्रफळ आणि आपली गरजही पाहावी.