इंग्रजीचे गुण देण्याआधी

पोरी, आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. शिकवावं कसं, यावर तेव्हापासून पुष्कळ बोललं गेलं. तपासावं कसं, हे मात्र ज्याचं त्यानं शिकायचं. तू आता झेडपीच्या शाळेवर रुजू होते आहेस, म्हणून चार गोष्टी कानावर घालते.

पाठांतराला भुलू नकोस. ‘व्हॉट इज युवर नेम?’ला सगळा वर्ग खणखणीत उत्तर देतो. शेजारच्या मुलाकडे बोट करून ‘व्हॉट इज हिज नेम?’ विचार. तरीही ‘माय नेम इज’ आलं, तर प्रश्न कळलेला नाही. धड्यातला उताराही पाठ झालेला असतो. त्यातलेच शब्द घेऊन फळ्यावर नवी वाक्यं लिही आणि ती वाचून घे.

ऐकणं आधी तपास. तोंड न उघडणाऱ्या मुलालाही बरंच कळत असतं. ‘पुट द बुक अंडर द चेअर’ म्हण आणि तो काय करतो ते बघ. सांगताना आपले हात नि डोळे आवर. नजर खुर्चीकडे वळली की मूल शब्दांकडे लक्ष न देताच काम उरकतं.

अर्थ मराठीत सांगू दे. ‘असर’ या देशभरच्या शैक्षणिक पाहणीत मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं अशा पायऱ्यांनी वाचन तपासतात आणि अर्थ वेगळा विचारतात. तो मुलानं आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो. तूही वाचता येणं आणि कळणं यांची नोंद वेगळी ठेव.

बोलायला वर्गासमोर एकट्याला उभं करू नकोस. दोघा-दोघांना चित्र दे, जवळ बसून ऐक. प्रश्न विचारलास की थांब. मुलाला आधी मराठीत विचार करून मग इंग्रजी शब्द शोधायचा असतो; तेवढा वेळ त्याचा हक्काचा आहे.

चूक नीट वाच. ‘आय मँगो ईट’ म्हणणाऱ्याला शब्द येतात, क्रम तेवढा मराठीचा आहे. ‘फोन’ची सुरुवात ‘एफ’नं करणाऱ्याला आवाज आणि अक्षर यांचं नातं उमगलंय. हाताला येतील ती अक्षरं मांडणाऱ्याच्या पंगतीत त्याला बसवू नकोस. दोघांना शून्य दिलंस, तर उद्या कुणाला काय शिकवायचं हे तुलाच कळणार नाही.

सेमी-इंग्रजीच्या, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायच्या वर्गात जास्त सावध राहा. विज्ञानाचं उत्तर चुकलं, तर तोच प्रश्न मराठीत विचार. विज्ञान अडलं की इंग्रजी, ते लगेच कळेल. कॅनडात स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांविषयी भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं, की रोजच्या बोलण्यापुरतं इंग्रजी साधारण २ वर्षांत येतं, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गाची बरोबरी गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात. त्या मुलांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं. आपल्या मुलांच्या, एखाद-दोन तास. आणि घरी कोरकू, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी मराठीच शाळेत आल्यावर शिकलेली भाषा असते. त्याला सूचना समजली का, हे आधी पाहा, मगच परीक्षा घे.

शेवटचं, वर्णनात्मक नोंदींचं. तयार यादीतून ‘प्रगती समाधानकारक’ उतरवू नकोस. ‘चित्रातल्या वस्तूंची नावं सांगतो, वाक्य जोडता येत नाही’ असं लिही. अशी नोंद वाचून पुढच्या वर्षीचा शिक्षक पहिल्या दिवसापासून कामाला लागू शकतो. नुसत्या श्रेणीवरून त्याला काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला काय येतं आणि त्याचं कुठे अडतं, ही दोन वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहिल्याशिवाय गुणपत्रकावर सही करू नकोस.