वेगाची मोजपट्टी : हॅचबॅक आणि सुपरकार

वहीच्या शेवटच्या पानावर मोटारींची चित्रे काढणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. इतिहासाचा तास असो वा गणिताचा, मधल्या सुट्टीत त्यांचा वाद ठरलेला : घरगुती वापराची, पण वेगवान अशी हॅचबॅक मोटार सुपरकारला टक्कर देऊ शकते का? हा प्रश्न पोरकट समजून सोडून देण्यासारखा नाही. त्यात विज्ञान आहे, अर्थशास्त्र आहे आणि आपल्या ठाणे-कल्याण परिसराचा औद्योगिक इतिहासही आहे. शिवाय आपल्या संस्थेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आलेली चारचाकी ही त्या घराण्यातील पहिलीच चारचाकी आहे. ती कोणती घ्यावी, कशी चालवावी, याबाबत मार्गदर्शन करणारी मागची पिढी त्यांच्यापाशी नाही. म्हणून हा प्रश्न येथे अभ्यासविषय म्हणून घेतला आहे.

दोन परंपरा

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करू. ज्या मोटारीचे मागचे दार काचेसह वर उघडते आणि सामानाची जागा बैठकीच्या दालनाशी जोडलेली असते, ती हॅचबॅक. मागचे आसन दुमडले की त्याच मोटारीत पलंगाच्या फळ्याही मावतात. सुपरकार म्हणजे वेग, प्रवेग आणि वळणावरील पकड यांसाठी इतर सर्व सोयींचा त्याग करणारी मोटार. तिला बहुधा दोनच आसने असतात आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे असते.

आधुनिक सुपरकारचा आरंभ बहुतेक अभ्यासक १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या लॅम्बोर्गिनी मिउरापासून मानतात. तिचे बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या मागे आडवे बसवले होते. १९७३ पर्यंत अशा आठशेहूनही कमी मोटारी तयार झाल्या.

वेगवान हॅचबॅकची परंपरा त्यानंतर दहा वर्षांनी रुजली. फोक्सवागेनने १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय दाखवली आणि १९७६ मध्ये ती विक्रीस आणली. सर्वसामान्य कुटुंबाच्या मोटारीत ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले होते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास तिला सुमारे ९ सेकंद लागत. कंपनीने प्रारंभी केवळ ५,००० मोटारींची योजना आखली होती. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या. वेग हा मोजक्या श्रीमंतांचा मक्ता राहिला नाही, हे या आकड्यांतून स्पष्ट होते.

कल्याणचा कारखाना आणि कुर्ल्याची पालिओ

या इतिहासाचा एक धागा आपल्या परिसरातून जातो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघरी परिचित झाली. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ मार्गाच्या परिसरात होता. १९९०च्या दशकाच्या मध्यास फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून तेथे प्यूजो ३०९ ही पाच दारांची हॅचबॅक तयार होऊ लागली.

हीच ३०९ युरोपात १९८५ पासून विकली जात होती आणि तिची १३० अश्वशक्तीची जीटीआय आवृत्ती तेथील नामांकित वेगवान हॅचबॅकमध्ये गणली जाई. आपल्याकडे मात्र १.४ लिटरचे पेट्रोल आणि १.५ लिटरचे डिझेल इंजिन देण्यात आले. सांगाडा तोच, पण प्रयोजन निराळे. येथील ग्राहकाला इंधनाची बचत हवी होती. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील संघर्ष, विक्रीव्यवस्थेतील उणिवा अशा अडचणींत हा प्रकल्प सापडला आणि १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतले. उत्तम आराखडा असूनही उद्योग बंद पडू शकतो. मोटार केवळ अभियंत्याच्या फळ्यावर तयार होत नाही. वेळेवर मिळणारे वेतन, सुट्या भागांचा पुरवठा आणि विक्रीनंतरची सेवा यांवर ती उभी असते. कारखाना बंद पडल्याची झळ मोटारीच्या चाहत्यांपेक्षा कामगारांच्या घरांना अधिक बसते, हे डोंबिवली-कल्याणकरांना सांगावयास नको.

दुसरा प्रसंग कुर्ल्याचा. सप्टेंबर २००१ मध्ये फियाटने भारतात पालिओ ही हॅचबॅक आणली. तिच्या १.६ लिटरच्या आवृत्तीची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती आणि त्या काळी येथील लहान मोटारींत ती विशेष वेगवान मानली जाई. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करीत. २००२ मध्ये त्यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट दिली. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. ही मोटार भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे आयातशुल्क माफ करण्यावरून मोठा वाद झाला आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली.

एकाच उद्योगसमूहाची हॅचबॅक आणि सुपरकार एकाच वेळी एकाच माणसाच्या नावाशी जोडली गेली, त्यामुळे तुलना सोपी होते. ३६० मोडेनाचे आठ सिलिंडरचे इंजिन ४०० अश्वशक्तीचे; शून्य ते १०० साठी ४.५ सेकंद, कमाल वेग ताशी २९५ किलोमीटरच्या आसपास. पालिओला शून्य ते १०० साठी साधारण ११ सेकंद लागत. त्या दिवशी प्रश्नाचे उत्तर निर्विवाद ‘नाही’ असे होते.

वीस वर्षांनंतर

नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्सिडीज-एएमजी ए४५ एस ही हॅचबॅक भारतात विक्रीस आली. दोन लिटरचे, चारच सिलिंडरचे इंजिन. शक्ती ४२१ अश्वशक्ती. शून्य ते १०० अवघ्या ३.९ सेकंदांत. म्हणजे या एका कसोटीवर पाच माणसे बसतील अशी हॅचबॅक तेंडुलकरांच्या फेरारीच्या पुढे गेली. याची कारणे दोन. टर्बोचार्जर इंजिनात अधिक हवा दाबून भरतो, त्यामुळे लहान इंजिनातूनही मोठी शक्ती मिळते. आणि ती शक्ती चारही चाकांना वाटली जात असल्याने चाके जागच्या जागी घसरत नाहीत.

परंतु येथेच थांबून ‘हॅचबॅक जिंकली’ असे म्हणणे अभ्यासकाला शोभणार नाही. आणखी तीन कसोट्या लावू.

पहिली, कमाल वेगाची. वेग वाढतो तसा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. भारतात २०२५ मध्ये आलेली गोल्फ जीटीआय २६५ अश्वशक्तीवर ताशी २५० किलोमीटर गाठते. बुगाटी शिरॉनच्या एका मोटारीने २०१९ मध्ये जर्मनीत ताशी ४९० किलोमीटर गाठले. तिची शक्ती १,६०० अश्वशक्ती, म्हणजे गोल्फच्या सुमारे सहापट.  हॅचबॅकचे उंच छत आणि उभी पाठ येथे आड येतात.

दुसरी, शर्यतीच्या मार्गाची. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगचा २०.६ किलोमीटरचा वळणांचा मार्ग ही जगन्मान्य परीक्षा आहे. २०१९ मध्ये रेनॉ मेगान आरएस ट्रॉफी-आर या हॅचबॅकने तो ७ मिनिटे ४०.१ सेकंदांत पार केला. आदल्याच वर्षी लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर एसव्हीजेने त्याच अंतरासाठी ६ मिनिटे ४४.९७ सेकंद घेतले होते. अंतर ५५ सेकंदांचे. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की वजन घटवण्यासाठी त्या रेनॉची मागची आसने काढून टाकलेली होती. सुपरकारच्या जवळ जाण्यासाठी हॅचबॅकला आपला कुटुंबवत्सल गुणच सोडावा लागला.

तिसरी, किमतीची. ए४५ एसची किंमत भारतात आली तेव्हा ७९ लाख ५० हजार रुपये होती. जून २०२४ मध्ये आलेल्या, पुण्यात तयार होणाऱ्या, १२० अश्वशक्तीच्या टाटा अल्ट्रोझ रेसरची किंमत ९ लाख ४९ हजारांपासून सुरू होत होती. म्हणजे सुपरकारला प्रवेगात मागे टाकणारी हॅचबॅक सामान्य हॅचबॅकच्या आठपट महाग. जी सामान्यांना परवडते ती सुपरकारशी बरोबरी करीत नाही, आणि जी बरोबरी करते ती सामान्यांना परवडत नाही.

आपल्या रस्त्यावरची कसोटी

आता हीच तुलना जर्मनीहून ठाणे-कल्याणला आणू. दोन्ही शहरांत सुमारे २० किलोमीटरचे अंतर. सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर मिळाला, तर ४० मिनिटे लागतात. फेरारी आणि पालिओ यांच्या प्रवेगातील फरक साडेसहा सेकंदांचा. एका सिग्नलवर थांबण्यात याहून अधिक वेळ जातो. म्हणजे कोट्यवधी रुपयांनी विकत घेतलेला फरक पहिल्याच चौकात पुसला जातो. पुढे गतिरोधक येतो. अल्ट्रोझचा तळ जमिनीपासून १६.५ सेंटीमीटर उंच, तर सुपरकारचा साधारण ११-१२. जेथे हॅचबॅक सहज पार होते, तेथे सुपरकारच्या चालकाला जपून, तिरकी करीत गाडी काढावी लागते.

‘रस्ता मोकळा असेल तर?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. आपल्या जिल्ह्यातील आमणे येथून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तेथे मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ही मर्यादा साधी हॅचबॅकही गाठते. कायदा पाळणाऱ्या दोन चालकांपैकी सुपरकारवाला नागपूरला आधी पोहोचत नाही. उलट हॅचबॅकमध्ये आई-वडील, दोन मुले आणि गावाकडचे तांदळाचे पोते, असे सारे एकत्र पोहोचतात.

वेगाचे खरे मोल

हा भाग तरुण वाचकांनी लक्षपूर्वक वाचावा. धावत्या मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागतो असे धरू. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार साधारण २६ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० वेगाने तीच मोटार सुमारे ७६ मीटर घेते. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. पावसाळ्यात ते आणखी वाढते. हा नियम फेरारीला आणि अल्ट्रोझला सारखाच लागू आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. यांत कितीतरी घरांतील शिकलेला पहिला मुलगा, कमावती पहिली मुलगी असेल. ज्या घराने पोट बांधून एक पदवीधर घडवला, त्या घराचे हे नुकसान कोणत्याही विम्याने भरून निघत नाही.

दुसरे मोल कर्जाचे. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १२,८७० रुपये येतो आणि एकूण व्याज २ लाख ८१ हजारांच्या घरात जाते. त्याच अटींवर सत्तर लाखांचा हप्ता १ लाख १२ हजारांच्या वर. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा खर्च आधी वेगळा काढावा आणि उरलेल्या रकमेत हप्ता बसतो का, हे मग पाहावे. शेजाऱ्याच्या मोटारीकडे पाहून निर्णय घेऊ नये.

निष्कर्ष

तर मूळ प्रश्नाचे उत्तर असे : थांबलेल्या अवस्थेतून वेग घेण्यात आजची सर्वोत्तम हॅचबॅक वीस वर्षांपूर्वीच्या सुपरकारला मागे टाकते. कमाल वेगात आणि शर्यतीच्या मार्गावर ती आजच्या सुपरकारची बरोबरी करीत नाही. आणि ज्या रस्त्यांवर आपण रोज ये-जा करतो, तेथे साधी हॅचबॅक सुपरकारपेक्षा निश्चितपणे अधिक उपयुक्त आहे. कोण श्रेष्ठ, हे सांगण्याआधी कशात श्रेष्ठ, कोठे आणि कोणासाठी, हे विचारावे लागते. हीच सवय विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या, निवडणुकीच्या आणि बाजाराच्या दाव्यांनाही लावावी.

माजी विद्यार्थ्यांनी पहिली मोटार घेताना अश्वशक्तीच्या आकड्याआधी सुरक्षा चाचणीतील तारे, एअरबॅग, टायर आणि ब्रेक पाहावेत; मागे बसणाऱ्या आई-वडिलांनाही पट्टा लावायला सांगावे. आपल्यापैकी जे चाकण, पिंपरी वा अन्यत्र मोटार उद्योगात काम करतात, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मुलांना इंजिन उघडून दाखवावे. वहीच्या शेवटच्या पानावर चित्रे काढणाऱ्या मुलांपैकी एखादा उद्या ती मोटार स्वतः घडवू शकेल.