आसिया : नावाचा अर्थ आणि नावामागील आदर्श

मुलीचे नाव ‘आसिया’ ठेवावे की नाही, हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार विचारला जातो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हे नाव बदलल्याची हदीस वाचनात येते आणि ज्यांनी मुलीचे हे नाव आधीच ठेवले आहे, ते आईवडील अस्वस्थ होतात. दुसरीकडे, हे एका थोर स्त्रीचे नाव आहे, हेही आपण ऐकलेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्या एकाच नावाविषयी नाहीत.

हदीसमधील नाव ‘ऐन’ आणि ‘साद’ या अक्षरांनी लिहिले जाते. त्याचा अर्थ ‘अवज्ञा करणारी’. पापासाठी आपण ‘मासियत’ हा शब्द वापरतो, तोही याच धातूपासून आला आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांची ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषितांनी (स.) ते नाव बदलून ‘जमीला’, म्हणजे सुंदर, असे ठेवले. अन्य एका रिवायतीनुसार ती हजरत उमर (रजि.) यांची कन्या होती.

दुसरे नाव ‘अलिफ-मद’ आणि ‘सीन’ या अक्षरांनी लिहितात. हा धातू जखमेवर उपचार करण्याचा, दुःखिताचे सांत्वन करण्याचा अर्थ देतो. वैद्याला जुन्या अरबीत ‘आसी’ म्हणत. ‘आसिया’ हे त्याचे स्त्रीरूप. इमारतीला आधार देणारा खांब, असाही अर्थ कोशांत आढळतो. मराठीत ‘ऐन’साठी स्वतंत्र अक्षर नाही आणि ‘सीन’ व ‘साद’ दोन्ही ‘स’नेच लिहावे लागतात. त्यामुळे अवज्ञा करणारी आणि उपचार करणारी, या दोघी आपल्या लिपीत एकसारख्याच दिसतात. गोंधळाचे मूळ एवढेच आहे.

ज्यांच्यामुळे हे नाव आपल्यापर्यंत आले, त्या हजरत आसिया (अ.) फिरऔनच्या पत्नी होत्या. दिव्य कुरआनमध्ये त्यांचे नाव आलेले नाही, ते हदीसमधून कळते. पण त्यांचे कार्य कुरआनने दोन ठिकाणी सांगितले आहे. इस्राईलच्या संततीतील मुलगे मारले जात असताना नदीतून आलेल्या बाळाला मारू नका, तो माझ्या व तुमच्या डोळ्यांचा गारवा ठरेल, असे त्या फिरऔनला म्हणाल्या (सूरह अल-कसस, २८:९). ते बाळ म्हणजे हजरत मूसा (अ.). पुढे त्यांनी अल्लाहपाशी प्रार्थना केली, की माझ्यासाठी तुझ्याजवळ स्वर्गात एक घर बांध आणि मला फिरऔनपासून, त्याच्या कृत्यांपासून व अत्याचारी लोकांपासून मुक्त कर (सूरह अत्-तहरीम, ६६:११). राजवाड्याची मालकीण अल्लाहपाशी घर मागते, यावर वाचकांनी क्षणभर विचार करावा.

याच आयतीत अल्लाहने त्यांना श्रद्धावंतांसाठी उदाहरण म्हटले आहे. केवळ स्त्रियांसाठी नव्हे, सर्व श्रद्धावंतांसाठी. त्याआधीच्या आयतीत हजरत नूह (अ.) व हजरत लूत (अ.) यांच्या पत्नींचा उल्लेख आहे. प्रेषितांच्या घरात राहूनही त्या श्रद्धेला मुकल्या. आणि जुलमी राजाच्या घरात राहूनही हजरत आसिया श्रद्धेवर अढळ राहिल्या. नाते कोणालाही तारत नाही आणि परिस्थिती कोणाला अडवू शकत नाही, हा बोध या दोन आयतींतून मिळतो. पूर्णत्वाला पोहोचलेल्या स्त्रियांमध्ये प्रेषितांनी (स.) हजरत मरयम (अ.) यांच्यासह हजरत आसियांचा उल्लेख केल्याची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

म्हणून ज्यांच्या घरी आसिया आहे, त्यांनी नाव बदलण्याची घाई करू नये. मुलीचे नाव उर्दू वा अरबीत कसे लिहिले आहे, तेवढे पाहावे. ‘ऐन’ व ‘साद’ने लिहिले असेल, तर अक्षरे दुरुस्त करून घ्यावीत, मराठी कागदपत्रांत काहीच बदलावे लागणार नाही. नवे नाव ठेवताना ते केवळ ऐकून किंवा मराठीत वाचून ठरवू नये, जाणकाराकडून मूळ अक्षरे व अर्थ समजून घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलगी समजू लागल्यावर तिला हजरत आसियांची हकीकत सांगावी. ‘तुझ्या नावाचा अर्थ वाईट आहे’ असे कोणी तिला म्हणाले, तर उत्तर तिच्यापाशी असले पाहिजे.

अल्लाह आपल्या मुलींना त्यांच्या नावांना साजेशी श्रद्धा आणि धैर्य प्रदान करो. आमीन.