देवाचा राग येतो, पूजा होत नाही

प्रश्न : यजमान गेल्यापासून देवापुढे बसवत नाही. रागच येतो. माझी श्रद्धा संपली का?

उत्तर : ताई, राग येतो म्हणजे नातं तुटलेलं नाही. तुकोबांनी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला. अभंगांतून ते विठ्ठलाशी उघड भांडले, आणि वारकऱ्यांनी ते भांडणही भक्तीतच धरलं. तेव्हा पूजा राहिली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मला खरी काळजी वाटते ती तुमच्या झोपेची, जेवणाची. एकट्या जेवू नका. बहिणीला, शेजारणीला बोलवा, यजमानांच्या आठवणी काढा, रडू आलं तर येऊ द्या. जगणंच नकोसं वाटलं, तर लगेच टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.